कोंबड्या तुमच्या, मरण अस्वलाचं

आधीच सांगून टाकतो, म्हणजे निम्म्यात कुणाचा रक्तदाब वाढायला नको. अस्वलांच्या भागात विजेचं कुंपण न घालता परसात कोंबड्या पाळणं याला मी छंद म्हणत नाही. मी त्याला अस्वल पोसणं म्हणतो. आणि माणसांच्या वस्तीत पोसलेलं अस्वल शेवटी गोळी खातं. इथल्या वन्यजीव खात्यांची घोषणाच आहे तशी, की पोसलेलं अस्वल म्हणजे मेलेलं अस्वल. ही घोषणा सगळ्यांना तोंडपाठ असते. फक्त आपलं खुराडं त्यात मोडतं हे कुणालाच वाटत नाही.

आता 'इथल्या' म्हणजे कुठल्या, ते सांगतो. मी राहतो कनेक्टिकटमध्ये, हार्टफर्डच्या पश्चिमेला. हार्टफर्ड म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांचं गाव. त्यांचे जुने मेनफ्रेम चालवायला (आणि 'पुढच्या वर्षी नक्की' बदलायला :-)) आपली मंडळी येतात, आधी अपार्टमेंटमध्ये दिवस काढतात, मग मुलांच्या शाळेसाठी एव्हन, सिम्सबरी, कँटन, फार्मिंग्टन अशा एखाद्या गावात घर घेतात. मागे झाडी, पुढे लॉन, शनिवारी पॉटलक. आणि नेमका हाच पट्टा राज्यातल्या अस्वलांचं माहेरघर आहे. एजंट घर दाखवताना शाळेचं रेटिंग सांगतो, हे सांगत नाही.

गंमत म्हणजे ही अस्वलं नव्याने परत आलेली आहेत. १८०० च्या मध्यापर्यंत कनेक्टिकटमधून काळं अस्वल संपलं होतं, कारण शेतीसाठी जंगलच कापून टाकलं होतं. पुढे शेती पश्चिमेला सरकली, सोडून दिलेल्या जमिनींवर झाडं परत उगवली, आणि १९८० च्या दशकात अस्वलं उत्तरेकडून पुन्हा येऊन वसली. आज राज्यात हजार-बाराशे असावीत असा सरकारी अंदाज आहे. २०२२ मध्ये अस्वल घरात शिरल्याच्या ६७ नोंदी झाल्या. मे २०२३ मध्ये एव्हनच्या एका बेकरीत अस्वल घुसलं आणि ६० कपकेक खाऊन गेलं. त्याच्या बातम्या सगळीकडे हसत हसत झाल्या. त्याच गावात महिनाभर आधी कुत्र्याला फिरवणाऱ्या ७४ वर्षांच्या बाईंना एका अस्वलाने चावा घेतला आणि त्या अस्वलाला मारण्यात आलं, ती बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही.

तर अशा ठिकाणी कोंबड्यांची लाट आली. दोनदा. पहिली २०२० च्या लॉकडाउनमध्ये, जेव्हा निम्मं जग घरी खमीर आंबवत होतं आणि उरलेलं निम्मं पिल्लं ऑर्डर करत होतं. दुसरी बर्ड फ्लूमुळे अंडी महागली तेव्हा. मार्च २०२५ मध्ये डझनाचा सरासरी भाव ६ डॉलर २३ सेंटवर गेला, आणि अमेरिकेच्या कृषिमंत्री ब्रूक रोलिन्स यांनी टीव्हीवर परसातल्या कोंबड्यांचं कौतुक केलं. दुकानात पिल्लं, खुराडी, खाद्य, सगळं एका रांगेत. सुंदर लाल रंगाचं, जाळीचं, खेळण्यातल्या घरासारखं खुराडं. कुणी विचारलं का की तुमच्या मागच्या झाडीत कोण राहतं?

ते खुराडं अस्वलाच्या बाजूने बघा. हिवाळ्याआधी चरबी साठवायची असते, तेव्हा अस्वल दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं. जंगलात हे ओकची फळं आणि बेरी वेचून जमवायचं म्हणजे जवळपास दिवसरात्र तोंड चालू. आता तुमच्या गॅरेजशेजारी ठेवलेलं कोंबडीखाद्याचं ५० पौंडांचं पोतं घ्या. त्यात साधारण साठ हजार कॅलरी आहेत. म्हणजे तीन दिवसांचं पोटभर जेवण, एका जागी, सालं न सोलता. शिवाय अंडी. शिवाय कोंबड्या, ज्या रात्री दांडीवर बसल्या की हलतसुद्धा नाहीत. बहुतेकांना वाटतं अस्वल कोंबडीच्या मागे येतं. पुष्कळदा ते खाद्याच्या वासाने येतं, आणि कोंबडी हे त्याला तिथे आल्यावर कळलेलं गोड पक्वान्न असतं. तुमची ती खेळण्यातली जाळी त्याला रॅपरएवढी लागते.

आमच्या गल्लीत चार घरी कोंबड्या आहेत. (त्यातलं एक घर माझं. आठ कोंबड्या, आणल्या त्याच्या आधीच्या वीकेंडला कुंपण.) या वसंतात एक मादी दोन पिल्लांसह फिरायला लागली. एका घरचं खुराडं तीन रात्रींत तीनदा फुटलं. दोनदा फुटल्यावर त्यांनी काय केलं? नव्या कोंबड्या आणल्या. त्याच खुराड्यात! सर्व्हर हॅक झाला, तर पॅच न करता बॅकअप टाकून पुन्हा तसाच चालू केला. तिसऱ्यांदा फुटल्यावर मात्र 'हे अस्वल धीट झालंय, खात्याने काहीतरी करायला हवं' असा मेल सगळ्या गल्लीला. 'काहीतरी' म्हणजे काय हे लिहिण्याची हिंमत नव्हती, पण सगळ्यांना कळलं.

धीट झालंय! अहो, तुम्ही त्याला तीनदा जेवायला घातलंत.

यातून काय होतं ते न्यूटाउनमध्ये मे २०२२ मध्ये दिसलं. तिथे 'बॉबी' नावाने गावभर ओळखली जाणारी मादी होती, लोक तिचे फोटो काढायचे. एका घरमालकाने तिला आपल्या आवारात गोळी घातली. आपली पाळीव जनावरं वाचवत होतो असं त्याचं म्हणणं. सरकारी वकिलांनी खटला भरायचा नाही असं ठरवलं. तिची दोन पिल्लं झाडीत राहिली, ती पकडून न्यू हॅम्पशायरच्या पुनर्वसन केंद्रात पाठवावी लागली. त्यावेळी दोन्ही बाजूंनी भरपूर आरडाओरडा झाला. मेणबत्त्या लावणारे एकीकडे, 'माझी जमीन, माझा हक्क'वाले दुसरीकडे. घरमालक बरोबर की चूक यावर लोक आठवडेच्या आठवडे भांडले. अशा आवारांभोवती कुंपण असायला हवं की नको, यावर मी एकही वाद ऐकला नाही.

२०२३ मध्ये राज्याने नवा कायदा केला. अस्वल माणसावर किंवा पाळीव प्राण्यावर हल्ला करत असेल, किंवा माणसं असलेल्या घरात घुसत असेल, तर त्याला मारता येतं. शेतीचं नुकसान करणारं अस्वल मारायला परवाना देण्याची तरतूद आहे. आणि अस्वलाला हेतुपुरस्सर खायला घालायला राज्यभर बंदी आहे. या शेवटच्या कलमातला 'हेतुपुरस्सर' हा शब्द बघा. डोनटचा खोका परसात ठेवून फोटो काढणारा माणूस गुन्हेगार. तीनदा फुटलेलं खुराडं चौथ्यांदा भरणारा माणूस मात्र पीडित. अस्वलाला हा फरक कोण समजावणार? त्याच्या पोटात हेतू जात नाही, कॅलरी जातात.

आता लोक जे उपाय सुचवतात ते. अमोनियात भिजवलेल्या चिंध्या, रात्रभर चालू रेडिओ, हालचाल दिसली की लागणारे दिवे. पहिल्या रात्री चालतात. मग अस्वलाला कळतं की दिवा चावत नाही. कुत्रा चांगला, पण पिल्लं असलेल्या मादीसमोर तुमचा लॅब्राडोर सोडायचा असेल तर आधी त्याच्याशी बोलून घ्या. जाड लाकडाचं खुराडं कोल्ह्याला आणि रॅकूनला ठीक. तीनशे पौंडांच्या जनावराला फळी म्हणजे किंचित उशीर.

सगळ्यात लाडका उपाय म्हणजे शिकार. २०२३ च्या त्या विधेयकाच्या मूळ मसुद्यातही लिचफिल्ड काउंटीपुरती मर्यादित शिकार होती, ती नंतर वगळली. शिकार मुळातच पाप आहे वगैरे मी म्हणत नाही, तो वेगळा विषय. माझा प्रश्न साधा आहे, की ती या रोगावर औषध आहे का? आमच्यापासून अर्ध्या तासावर मॅसॅच्युसेट्स लागतं. तिथे अस्वलाच्या शिकारीचा मोसम असतो, आणि तरीही तिथलं वन्यजीव खातं कोंबड्यावाल्यांना कंठशोष करून सांगतं की विजेचं कुंपण घाला. पेनसिल्वेनियात २०१९ च्या एका वर्षात साडेचार हजारांवर अस्वलं शिकाऱ्यांनी मारली. तिथल्या परसांत खुराडी सुखरूप आहेत असं ऐकिवात नाही. शिकारी जातो जंगलात. कोंबडीला चटावलेलं अस्वल असतं तुमच्या ट्रॅम्पोलिनमागे, जिथे बंदूक चालवायला परवानगी नसते. बग एका मॉड्यूलमध्ये आणि डिलीट दुसरं मॉड्यूल, असा हा प्रकार.

मग येतात सज्जन. 'मारू नका हो, उचलून लांब सोडा.' हे ऐकलं की मला आजोळ आठवतं, कारण माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं. तिथे उसात बिबटे. २००१ ते २००३ या काळात वनखात्याने तिथे हेच केलं होतं, की बिबटे पकडायचे आणि दूरच्या जंगलात सोडायचे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून २०११ मध्ये निबंध छापला. जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते ही मोहीम सुरू झाल्यावर १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर गप्प बसत नाही, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरं येतं. अस्वलं तर शंभर-शंभर मैलांवरून परत आल्याच्या नोंदी आहेत. शिवाय जिथे सोडायचं तिथेही कुणाचं तरी खुराडं असतंच की.

आजोळी आजी रोज संध्याकाळी कोंबड्या डालायची. दिवेलागण झाली की 'कोंबड्या डालल्या का रे?' हा प्रश्न ठरलेला. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, कुणी ना कुणी असायचंच. पण आजीने कधी मुंगसाबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही. कोंबडी गेली तर बोलणी बसायची ती ज्याने डालायची राहून गेली त्याला. आमच्या गल्लीतल्या मास्टर्स, एमबीए, पीएमपी मंडळींना हे एवढं साधं गणित का सुटू नये, हे मला खरंच कळत नाही.

आता डालग्याची अस्वलासाठीची आवृत्ती. आपल्याकडे रानडुकरांसाठी शेतकरी जे झटका मशीन लावतात तेच, फक्त जरा दमदार. निदान ०.७ जूलचं मशीन, तारेत ६,००० व्होल्टच्या वर. पाच तारा, सगळ्यात खालची जमिनीपासून ८ इंचांवर आणि वरची साधारण ४ फुटांवर. खुराडं तारेपासून हात लांब करूनही पोचणार नाही इतकं आत. फाटकातूनसुद्धा करंट गेला पाहिजे, कारण अस्वल कुंपणाचा फेरा मारून जिथे कच्चं तिथेच शिरतं. खाद्य कुंपणाच्या आत किंवा घरात.

अर्थिंगला मात्र लोक हमखास फसतात. व्होल्ट मोजून खूश होतात, पण करंट तारेतून अस्वलात आणि अस्वलातून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनमध्ये गेला तरच झटका. आपल्याकडे मीटरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात ते आठवा, तेच तत्त्व. कोरड्या किंवा गोठलेल्या मातीतून करंट परत येत नाही. म्हणून इथे एकआड एक तार अर्थला जोडतात, म्हणजे दोन तारांमधून डोकं घातलं की तिथेच सर्किट पूर्ण. आणि आमची जमीन अशी की रॉड ठोकायला घेतला की दोन फुटांवर दगड. माझा अख्खा शनिवार त्या एका रॉडमध्ये गेला. तो वीकेंडचा सगळ्यात महत्त्वाचा भाग होता, तारा ओढायला दोन तास पुरले.

दुसरं, अस्वलाची लोकर कोरडी आणि दाट, तिच्यातून झटका नीट लागत नाही. लागतो तो ओल्या नाकाला आणि जिभेला. म्हणून तारेवर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून त्याला पीनट बटर फासायचं. ते हुंगायला येतं, चाटतं, आणि आयुष्यभराचा धडा घेऊन जातं. हा धडा आत शिरून पहिलं जेवण व्हायच्या आधी मिळाला पाहिजे, हे फार महत्त्वाचं. एकदा आत कोंबडी मिळते हे कळलं की ते झटकासुद्धा सोसायला तयार होतं. म्हणून कुंपण आधी, कोंबड्या नंतर. 'आधी बघू, अस्वल येतं का' म्हणणाऱ्यांचा तिथेच घोटाळा होतो.

'पण हे क्रूर नाही का?' मला हा प्रश्न अशा माणसाने विचारला ज्याच्या खुराड्यामुळे खात्याने रस्त्यावर सापळा आणून ठेवला होता. झटका सेकंदाच्या काही दहाहजाराव्या भागापुरता असतो, मग थांबतो, मग सेकंदाने पुन्हा. मी मुद्दाम हात लावून पाहिला आहे. कोपरापर्यंत झिणझिण्या आणि शिवी अस्सल मराठीत. दोन मिनिटांत सगळं ठीक. (एक इशारा. गावाकडे काही जण तारेत थेट लाइनचा करंट सोडतात. ते झटका मशीन नव्हे. ते बेकायदा आहे आणि त्याने माणसं मरतात, दरवर्षी बातम्या येतात. दोन्हींची गल्लत करू नका.) मुलं असलेल्या घरात पिवळी पाटी लावा, मुलांना एकदा सांगा. माझ्या मुलीला एकदाच सांगावं लागलं.

खर्चाचं म्हणाल तर मला चारशे डॉलरच्या आसपास लागले. परवाच एका मित्राशी यावरून जुंपली.

"अरे आठ कोंबड्यांना चारशे डॉलरचं कुंपण? त्यापेक्षा कॉस्टकोची अंडी आण ना!"

"आण की. नाही म्हणतोय कोण? पण तू कोंबड्या पाळल्या आहेस."

"माझं खुराडंच सहाशेचं आहे, त्यात अजून..."

सहाशेचं खुराडं! त्याला शिंगल्स आहेत, खिडकीला झडपा आहेत, कोंबड्यांच्या नावांची पाटी आहे. त्यावर चारशे घालायची वेळ आली की एकदम बजेट आठवतं. हा खर्च कोंबड्या पाळण्याचाच खर्च आहे, विमा न काढता गाडी स्वस्त पडते म्हणण्यासारखं झालं हे. आणि हार्टफर्डमध्ये बसून मी हे इन्शुरन्सवाल्यांना समजावतोय!

ज्यांना खरंच परवडत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याचं उत्तर पश्चिमेकडे आहे. मोंटानासारख्या राज्यांत ग्रिझली अस्वलं आहेत. १९७५ मध्ये त्यांना संरक्षित यादीत घातलं, आणि त्यांची संख्या हळूहळू वाढत गेली तशी परसातली खुराडी ही तंट्याची मोठी जागा झाली. एवढी मेहनत घेऊन वाचवलेलं जनावर पाच कोंबड्यांपायी मारायचं! तिथे 'डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ' या संस्थेने २०१० मध्ये योजना काढली, की कुंपण तुम्ही घाला, निम्मा खर्च ५०० डॉलरपर्यंत आम्ही देतो. विदर्भात जंगलाला लागून असलेल्या शेतकऱ्यांना सौर कुंपणासाठी सरकारी अनुदान मिळतं ते याच विचाराने. कनेक्टिकट हे काही गरीब राज्य नाही. सापळा, गुंगीचं इंजेक्शन, अधिकाऱ्याचा रात्रीचा ओव्हरटाइम यापेक्षा एक मशीन स्वस्तच पडेल.

पुढच्या मंगळवारी आमच्या टाउन हॉलमध्ये या मादीवरून सभा आहे. तिथे मी तीन मिनिटं मागितली आहेत. माझी मागणी एका वाक्यात बसते. गावात कोंबड्या ठेवायच्या असतील तर चालू विजेचं कुंपण ही अट, आणि ज्याच्या आवारात ते नाही त्याच्या कोंबड्यांपायी अस्वलाला सापळा लावायचा नाही. पोहण्याच्या तलावाला कुंपण लागतंच ना? 'माझा तलाव, माझी मर्जी' तिथे कुणी म्हणत नाही.

ज्या घराने तीनदा कोंबड्या घालवल्या, त्या घरच्या बाई माझ्यावर रागावल्या आहेत. मी त्यांना दोषी ठरवतोय असं त्यांचं म्हणणं. हो, ठरवतोय. त्याचबरोबर माझं पोस्ट ठोकायचं यंत्र, व्होल्टमीटर आणि येता शनिवार त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे, तसं मेलमध्ये लिहिलंय. अजून उत्तर नाही. मादी काल रात्री पुन्हा दिसली, दोन्ही पिल्लं बरोबर होती. माझ्या तारेखाली गवत वाढलंय, ते तारेला टेकलं की व्होल्टेज पडतं. ऊन व्हायच्या आत ते कापायला जातो.